पात्यांचं तापमान

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या एका लॅबमध्ये मी गाड्यांचे सेन्सर तपासते. सेन्सर जे तापमान दाखवतो ते खरं आहे का, हे बघणं हे माझं रोजचं काम. तिथे माझे एक अमेरिकन सीनियर होते. तरुणपणी ते ल्यूज खेळायचे आणि रिटायर झाल्यावर शर्यतींना पंच म्हणून जायला लागले. एका जानेवारीत त्यांचा फोन आला. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडे, डोंगरात, ल्यूजची आंतरराष्ट्रीय चॅम्पियनशिप होती आणि स्टार्टला पात्यांचं तापमान घेणारा त्यांचा मदतनीस आजारी पडला होता.

"पैसे मिळणार नाहीत," ते म्हणाले. "जॅकेट मिळेल, आणि सूप."

ल्यूज म्हणजे काय, हे मला तेव्हा टीव्हीवर पाहिलं होतं तेवढंच ठाऊक होतं. छोट्याशा स्लेडवर माणूस पाय पुढे करून उताणा झोपतो आणि बर्फाच्या वळणावळणाच्या नळीतून खाली सुटतो. ब्रेक नसतो. स्लेडखाली दोन पोलादी पात्या असतात. पाती गरम असेल तर खालचा बर्फ किंचित वितळतो आणि स्लेड जास्त पळते. म्हणून सुटण्याआधी प्रत्येकाच्या पात्या मोजतात. स्टार्टजवळ सावलीत पोलादाची एक पाती सकाळपासून टांगलेली असते. तिच्यापेक्षा ठरलेल्या अंशांहून जास्त गरम पाती निघाली, की तो खेळाडू बाद.

नवऱ्याने दोन दिवस सुट्टी टाकली. कॅनडातून जवळ पडलं असतं, पण व्हिसाचं स्टॅम्पिंग राहिलं होतं, अमेरिकेत परत शिरताना अडवलं असतं, म्हणून ओहायोवरून वळसा घालून गेलो. पोचेपर्यंत त्याची कंबर धरली होती.

शर्यतीच्या दिवशी ऊन होतं, पण हवा अशी की नाकातले केस टोचायचे. पुरुषांच्या सिंगल्सची पहिली फेरी सकाळी झाली. खेळाडू स्लेड उलटी करून माझ्यासमोरच्या स्टँडवर ठेवायचे, मी दोन्ही पात्यांना थर्मामीटरचा प्रोब लावायचे, आकडा सांगायचे, सीनियर लिहून घ्यायचे. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. त्यांचे डोळे आधीच ट्रॅकवर असायचे. काहीजण डोळे मिटून हाताने वळणं काढत उभे असत, पाढे म्हणणाऱ्या मुलासारखे, ओठ हलवत.

त्यांच्यात एक होता तो अशा देशातला, जिथे बर्फाचा ट्रॅकच नाही. तिशी उलटलेला, रुंद खांद्यांचा. त्याने स्टँडवर स्लेड ठेवली आणि मला गुड मॉर्निंग म्हणाला. सबंध सकाळभरात तेवढं त्या एकानेच म्हटलं, म्हणून तो लक्षात राहिला.

दुसऱ्या फेरीत पहिले वीसच जातात. तो एकविसावा आला. वर परत आल्यावर बोर्डावर नाव बघून त्याने हेल्मेट काखेत मारलं, त्याच्या कोचने त्याची पाठ थोपटली, आणि कोच खाली फिनिशकडे इतरांची शर्यत बघायला निघून गेला. त्याने स्लेड पुसली आणि त्यांच्या टीमच्या व्हॅनमध्ये ठेवली. व्हॅनचा हीटर चालू होता.

मग खालून रेडिओवर निरोप आला. वरच्या क्रमांकातल्या एकाचं वजन फिनिशच्या काट्यावर नियमाबाहेर भरलं होतं. तो बाद झाला, आणि आमचा एकविसावा विसावा झाला. दुसऱ्या फेरीत सगळ्यात मागचा सगळ्यात आधी सुटतो. म्हणजे सुरुवात त्यानेच करायची होती.

कुणीतरी व्हॅनचं दार ठोठावलं. तो स्लेड छातीशी धरून बर्फातून पळत आला, सूटची चेनही पुरती न लावता. त्याने स्लेड स्टँडवर ठेवली. तो हसत होता.

मी डाव्या पातीला प्रोब लावला. आकडा वर चढला आणि थांबला.

"किती?" सीनियरनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी पेन टेकवलं नाही. "पुन्हा घे."

मी प्रोब पुसला, टांगलेल्या पातीला लावून बघितला, तो बरोबर होता. मग उजवी पाती घेतली, मग परत डावी. मर्यादेच्या तीन अंश वर. मी तिन्ही आकडे सांगितले. माझा आवाज लॅबमध्ये असतो तसाच होता, आणि त्याचं मला तेव्हाच वाईट वाटलं.

"मला पाच मिनिटं द्या," तो म्हणाला. "बर्फात ठेवतो. पाचच मिनिटं."

"मोजलं तेव्हाचं धरतात, बाळा," सीनियर म्हणाले. बोलताना त्यांनी टोपी काढली होती. "तुला माहीत आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला.

त्याने वाद घातला नाही. स्लेड उचलून कठड्याला टेकवली आणि तिथेच उभा राहिला. बाकीचे एकोणीस जण एकेक करून सुटले. प्रत्येकाच्या वेळी तो हातमोजे आपटून टाळ्या वाजवत होता. मी मान खाली घालून प्रोब लावत होते.

दुपारी नवरा वर आला. आम्ही गाडीत बसून तिखट पुऱ्या खाल्ल्या. मी त्याला सगळं सांगितलं.

"तीन अंश ना फक्त?" तो म्हणाला. "यार, तो कुठे मेडल घेणार होता? विसावा आला असता. ॲडजस्ट केलं असतंस तर कोणाचं काय गेलं असतं?"

"मग मला कशाला बोलावलं असतं त्यांनी?"

"तसं नाही गं. मी आपलं माणूस म्हणून बोलतोय."

"मी पण माणूसच आहे," मी म्हटलं. त्याने डब्याचं झाकण लावलं, उरलेल्या पुऱ्या माझ्या हातात दिल्या आणि व्हॅनच्या दिशेला नुसती मान हलवली.

तो खेळाडू व्हॅनच्या मागच्या पायरीवर बसला होता. मी डबा पुढे केला. तिखट आहे, असं सांगितलं. त्याने दोन पुऱ्या घेतल्या आणि मला बसायला जागा करून दिली. घरी तो डिलिव्हरीचा ट्रक चालवतो, असं त्याने सांगितलं. ल्यूज शिकला तो डांबरी घाटात, चाकं लावलेल्या स्लेडवर. पहाटे, गाड्या सुरू व्हायच्या आत.

"तुम्ही तीनदा मोजलंत," तो म्हणाला.

"आकडा उतरेल असं वाटलं होतं."

तो पुरी चावत राहिला. मग म्हणाला, "व्हॅनमधून उचलली तेव्हा माझ्या हाताला कळलं होतं. पाती कोमट होती. वाटलं, पळत गेलो तर वाऱ्याने निवेल." तो माझ्याकडे बघून बोलत नव्हता. "हे मी कोचला नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं."

सॉरी म्हणायचं मी ठरवून आले होते, ते मात्र राहून गेलं. तिसरी पुरी घेऊन तो उठला.

दुसऱ्या दिवशी बायकांची शर्यत होती. शर्यतीआधी ट्रॅक नीट आहे का हे बघायला एक-दोघांना आधी सोडतात. त्यांची वेळ कुठे धरत नाहीत, त्यांच्या पात्याही मोजत नाहीत. सकाळी सीनियर म्हणाले, "आज आधी कोण जातंय बघ."

तोच होता. चेन गळ्यापर्यंत लावलेली. तो सरळ ट्रॅककडे जाऊ शकला असता, पण माझ्या स्टँडपाशी आला, स्लेड उलटी करून ठेवली आणि बाजूला झाला. सीनियरनी माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले. मी प्रोब लावला. डावी, मग उजवी.

"चालेल," मी म्हटलं. "टांगलेल्या पातीपेक्षाही गार आहे."

"रात्रभर बाहेर ठेवली होती," तो म्हणाला.

तो स्लेडवर बसला, कडेची हँडल धरून दोनदा मागेपुढे झाला आणि सुटला. हातमोज्यांच्या काटे लावलेल्या बोटांनी बर्फावर चार-पाच फटके मारले, मग उताणा झाला आणि पहिल्या वळणात दिसेनासा झाला. रेडिओवर वळणांवरची माणसं एकामागून एक "गेला", "गेला" म्हणत होती. शेवटी खालून कुणीतरी सांगितलं की पोचला, ट्रॅक ठीक आहे, पाठवा.

मी पुढची स्लेड स्टँडवर घेतली.

नवरा त्या वेळी फिनिशला उभा होता. जेवताना त्याने सांगितलं, "तुझा माणूस खाली आला, उठून बसला आणि पहिलं बोर्डाकडे बघितलं. बोर्ड बंद होता. मग मला विचारतो, तुम्ही टाइम लावला होता का?"

"लावला होतास?"

"लावला होता गं फोनवर. पण वर कधी सुटला ते कळायला नको का? उगीच काहीतरी पन्नास सेकंद सांगितले."

"आणि मग?"

"म्हणाला, चांगला आहे. आणि स्लेड खांद्यावर टाकून गेला."