चुलीचं तोंड

परवा लग्नघरी ताज्या सारवलेल्या चुलीचा वास आला आणि सत्तर वर्षांमागचा बांबूतोडीचा तळ आठवला. पुरात घर गेल्यावर आम्ही मायलेकी नागभीडच्या स्टेशनात झोपायचो. जंगलात आईला सरकारी काम मिळालं, हंगामापुरती बांबूच्या तट्ट्याची झोपडीही. मुकादमाने बजावलं होतं, तीन दगडांवर शिजवा. मातीची चूल म्हणजे कायमचं घर; ती मांडली तर झोपडी सोडा.

आईने पहिल्याच सकाळी मांडली.

मुकादम दारात थबकला. "बाई, चूल काऊन मांडली?"

"चुलीबिगर घर वाटत नाई, भाऊ." तिने चिखलाचे हात पदराला पुसले. मी गाठोडं छातीशी धरलं.

त्याने वाकून चूल बघितली. मग खेकसला, "तोंड फिरव तिचं! वारा इकडून येते, तट्टा पेटन."

त्याच्या ओरडण्याने मी रडायला लागले. आई मात्र हसली आणि पुन्हा माती कालवू लागली.