साळूबाईची सावड

बावीस वर्षं साळूबाईच्या वावरात कांद्याची लागण सगळ्यात शेवटी झाली. जामखेडच्या कोरड्या अंगाला शेवटी लावणं म्हणजे विहिरीच्या पाण्याशी जुगारच. पण सावड तिनंच बांधलेली. आठ बायांनी आज हिच्या, उद्या तिच्या वावरात राबायचं, रोजाचं नाव काढायचं नाही. जिच्या घरी हात कमी, तिचं वावर पहिलं. साळूबाईचं शेवटचं.

त्या सावडीचा पहिला दिवस म्हाताऱ्या बाया अजून सांगतात. लंकाबाईचा नवरा पाय मोडून पडला होता. रोप तयार, वाफे तयार, आणि लावायला कुणी नाही. साळूबाई पदर खोचून लंकाबाईच्या बांधावर उभी राहिली आणि तिनं असा काही आवाज लावला, की भाकऱ्या तव्यावर टाकून सहा बाया धावत आल्या. दिवस मावळेस्तोवर वावर हिरवं झालं. लंकाबाई तिच्या गळ्यात पडून रडली. "आक्का, जन्मभर इसरनार न्हाई." आणि ती खरंच विसरली नव्हती. तेव्हापासून साळूबाईच्या लागणीला पहिली तीच यायची.

यंदा नगरहून एका संस्थेची आरतीताई आली. पोरगी गुणी. सावड बघून तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "साळूमावशी, हे जगापुढं यायला हवं." संस्था दुसरीच्या वावरात राबणाऱ्या बायांचे फोटो काढणार होती आणि लागण संपता संपता कार्यक्रम घेऊन मेहनती बायांना कुकर देणार होती.

सावडीतली जहिरा तेवढी कुरकुरली. "आक्का, आपलं बरं चाललंय की. कशाला ही भानगड?"

"अगं, यांच्या हातावर कुनी कदी काय ठिवलंय का? मिळतंय तर मिळू दे बायांना," साळूबाई म्हणाली, आणि संस्थेच्या कागदावर पहिली सही तिनंच केली.

मग गंमत सुरू झाली. ज्या बाया खाली मान घालून लागण करायच्या, त्या आता कॅमेऱ्याकडं तोंड करून करू लागल्या. "सरक की गं, माझं तोंड झाकतंय!" "तुजं तोंड झाकलेलंच बरं दिसतंय!" हशा व्हायचा. साळूबाईही हसायची. फोटो निघाला की मात्र कुणाची कंबर धरायची, कुणाला शेळीची आठवण व्हायची.

जहिराच्या लागणीच्या दिवशी आरतीताई बैठकीला गेलेली. वावरात साळूबाई आणि जहिरा, दोघीच.

"आजारी पडल्या आसतील बाया," साळूबाई म्हणाली.

"सहाजनी एकदम?" जहिरानं विचारलं.

तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण स्वतःच्या हातानं बांधलेल्या गोष्टीवर संशय घ्यायचा कसा? दोघींनी तीन दिवस राबून ते वावर उरकलं.

कार्यक्रम झाला. कुकर वाटले गेले. फोटो काढू न देणाऱ्या जहिराला काही मिळालं नाही. साळूबाईला शाल आणि नारळ. टाळ्या वाजल्या तेव्हा तिचा ऊर भरून आला, खोटं कशाला बोला. आरतीताई पाया पडून दुसऱ्या तालुक्याला गेली.

दुसऱ्या दिवशी साळूबाईची पाळी. आदल्या सांजेला तिनं सगळं रोप उपटलं, जुड्या बांधल्या, ओल्या गोणपाटाखाली रचल्या. सकाळी वाफे भिजवले, आठ जणींपुरता चहा मांडला. नाटकाचा पडदा वर जावा तसं ऊन वर आलं. पण समोर खुर्च्या मोकळ्या, बांधावर एकही बाई नाही.

आठ वाजता ती लंकाबाईच्या दारात गेली. चुलीवर नवा कुकर शिट्ट्या मारत होता.

"लंके, आजारी हायस का?"

"न्हाई गं आक्का. का?"

"लागण हाय माझी आज."

लंकाबाईनं चुलीत लाकूड सारलं. "मला वाटलं, कारेक्रम झाला म्हंजी सावडबी झाली. आता ज्याचं त्यानं. समद्या तसंच म्हनत्यात."

"रोप उपटलंय मी."

"न इचारता कशाला उपटलंस?"

 न विचारता? बावीस वर्षांत कधी विचारलं होतं?

"आनि राग कशाला धरतीस? शाल-नारळ मिळाला की तुला. तूबी उगा थोडीच खपत हुतीस आमच्यासाठी!"

हे मात्र वर्मी लागलं. बाया आल्या नाहीत, ते तिनं सोसलं असतं. पण लंकाबाईनं एका वाक्यात मागची सगळी वर्षं त्या शालीत गुंडाळून तिच्या हातात दिली. आणि टाळ्या गोड लागल्या होत्या. आपण खरंच टाळ्यांसाठी करत होतो का? वाटेनं येताना हा विचार तिच्या टाचेत काट्यासारखा रुतत राहिला.

रोजानं बाया मिळायच्या नव्हत्या. मोठ्या बागायतदारांनी त्या आधीच ठरवल्या होत्या. ती एकटीच वाफ्यात बसली. घटकाभरानं शेजारी दोन हात चालू लागले. जहिरा.

"तू कशाला आलीस? तुला तर काईच मिळालं न्हाई."

"मंग काय घरी बसू? रोप वाळतंय की, आक्का."

तीन दिवस दोघींनी पाठ वर केली नाही. निम्मं वावर लागलं. उरलेल्या जुड्या ढिगातच तापल्या, आतून पिवळ्या पडून कुबट वास मारू लागल्या; ते रोप आता जगणार नव्हतं.

चौथ्या दिवशी लंकाबाई आली. तिच्या गव्हाचं खुरपण आलं होतं, आणि पाच दारं हिंडूनही एक बाई तयार झाली नव्हती.

"आक्का, चुकलं माझं. आज तुझ्यात करते. उद्या माझ्यात येशील न्हवं?"

 साळूबाईनं ढिगातली, वरून हिरवी दिसणारी एक जुडी तिच्या पुढ्यात ठेवली.

जहिरानं काही बोलायला तोंड उघडलं. साळूबाईनं मान हलवून तिला गप्प केलं.

लंकाबाई वाफ्यात बसली. कुणी फोटो काढत नव्हतं, तरी मन लावून, बोटभर अंतरानं एकेक रोप रोवत गेली. साळूबाईनं मोटर चालू केली आणि त्या वाफ्याचं दार मातीनं बंद करून पाणी पुढच्या, जहिरानं लावलेल्या वाफ्याला सोडलं.