चमकवायचा ताम्रपट

गणपत ताम्रपटावर चिंच चोळणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

"काहून थांबवून राहिले, बाबूजी? साहेबानं सांगितलं, आरशावानी चमकव म्हणून."

साहेब म्हणजे नागपुरातल्या आमच्या म्युझियमचे क्युरेटर. गणपत त्यांचा शिपाई. मी ट्रेनी. जुन्या वस्तूंचं जतन शिकायला सरकारी स्टायपेंडवर वर्षभरासाठी आलो होतो. शेवटी साहेबांनी शिफारस केली तरच नोकरी. त्यामुळे माझी मतं मी सहसा घरी ठेवून येत असे.

पण भंडाऱ्याकडे नांगराला लागलेला हा ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं दानपत्र, अजून कुणी वाचलेला नव्हता. अक्षरं आधीच झिजलेली. कोपऱ्यात भुरभुरीत पोपटी ठिपके. हा तांब्याचा रोग. मातीतला क्षार आत शिरतो आणि धातू पोखरतो. इलाज एकच: शुद्ध पाण्यात भिजत ठेवायचं आणि पाणी बदलत राहायचं. चिंच-राखेनं घासलं की रोग राहतो, अक्षरं जातात.

साहेबांकडे गेलो.

"साहेब, घासलं तर लेख पुसला जाईल."

"परवा कमिशनर साहेब येताहेत. त्यांना लेख वाचता येतो?"

"नाही."

"मग? चमक मात्र दिसते."

इतकी चोख विद्वत्ता माझ्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेली नव्हती. तरी बोललो.

"साहेब, फार चमकला तर ते विचारतील, हा नवा कुठून करवून आणला?"

साहेबांचा चेहरा उतरला. "मग चमकवायचं काय?"

"खालचं तबक, साहेब."

गणपतनं इतवारी बाजारातून आणलेलं पितळी तबक असं घासलं की त्यात छत दिसू लागलं. त्यावर काळपट ताम्रपट ठेवला. कमिशनर साहेब वाकले, तबकाच्या काठावरून बोट फिरवलं.

"स्प्लेंडिड! किती जुनं?"

"फार जुनं, सर," साहेब म्हणाले.

पाहुणे गेल्यावर मी ताम्रपट पाण्यात टाकला आणि काही महिने पाणी बदलत राहिलो. ठिपके पुन्हा उमटेनात, तेव्हा कॉलेजच्या संस्कृतच्या प्राध्यापकांना बोलावलं. तळ्यासह दान दिलेल्या एका गावाचं नाव निघालं. ते ठाऊक असलेलं कुणी उरलं नव्हतं. प्राध्यापकांनी ते मोठ्यानं वाचलं आणि मी वहीत उतरवून घेतलं.

साहेबांनी शिफारस दिली: 'हुशार, पण फार हळू. दुसऱ्या प्रांतासाठी योग्य.' नोकरी लागली, दुसऱ्या प्रांतात.

तिथं नव्या ट्रेनींना मी रसायनं नंतर शिकवतो. आधी सांगतो, वरिष्ठांना घासायला काहीतरी वेगळं हाताशी ठेवा.