आईला न विचारलेला प्रश्न

"मानेतही आहे," एमआरआयवर बोट ठेवून सर्जन म्हणाले. "आणि कमरेपेक्षा हे गंभीर आहे. इथे मज्जारज्जूच दाबला गेलाय."

आईच्या कमरेचं ऑपरेशन होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. ती अमेरिकेत ॲन आर्बरला माझ्याकडे राहायला आली तेव्हा थोडं चाललं की पाय भरून यायचे. निदान झालं लंबर स्टेनोसिस, म्हणजे कमरेच्या मणक्यांतली नळी अरुंद होऊन नसा दाबल्या जाणं. मग लॅमिनेक्टॉमी केली. त्यात मणक्यामागचं थोडं हाड काढून नसांना जागा करून देतात. पायदुखी गेली, पण चालताना तोल जायचा तो जातच राहिला. एक दिवस ती बाथरूमच्या दारात पडली, म्हणून हे दुसरे सर्जन.

मान आणि कंबर दोन्हीकडे नळी अरुंद असली की त्याला टँडम स्टेनोसिस म्हणतात. सर्जननी आईला मुठी भराभर उघडमीट करायला सांगितल्या. तिची बोटं उघडता उघडेनात.

"हातांचं कधीपासून?" त्यांनी विचारलं, आणि मी ते आईला विचारलं.

"इथे आले तेव्हापासूनच," आई लगेच म्हणाली. "निऱ्या जमेनात म्हणून तर गाऊन घालायला लागले."

मला वाटलं होतं, अमेरिकेत येऊन आई मॉडर्न झाली. मैत्रिणींना कौतुकानं सांगितलंही होतं.

पहिल्या डॉक्टरांनी हातांबद्दल विचारलं होतं. दुभाषाही देऊ केला होता. मीच म्हटलं, "नो नीड, आय विल ट्रान्सलेट." मला लॅबमध्ये कामावर परत जायची घाई होती. हातांना मुंग्या, हातातून वस्तू पडणं? "नो," असं मी सांगून मोकळी झाले. आई शेजारीच बसली होती.

मानेचं ऑपरेशन लगेच झालं. "पुढचं थांबवू शकतो, गेलेलं परत येईलच असं नाही," सर्जन म्हणाले होते. तसंच झालं. आई आता वॉकर धरून चालते. घास मात्र तिला भरवावा लागतो.

आईवडिलांना डॉक्टरकडे नेणाऱ्यांनो, तुमचं इंग्रजी कितीही फर्डं असू दे, दुभाषा मागा. नाहीच मिळाला तर प्रत्येक प्रश्न त्यांना विचारा, उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं वाटलं तरी.

एकदा जेवण भरवताना मी तिला सगळं सांगून टाकलं. तो प्रश्न, माझं "नो", सगळं. ती सावकाश घास चावत राहिली.

"अगं, तू विचारलं असतंस तरी मी नाहीच म्हटलं असतं," ती म्हणाली. "उगाच तुझ्या डोक्याला ताप."

सर्जननी विचारलं तेव्हा तिनं किती चटकन खरं सांगितलं होतं, ते मी ऐकलं होतं. पण आता तिला माझ्यासाठी एवढंच करता येत होतं. मी "बरं" म्हटलं आणि पुढचा घास कालवला.