दुसरी बुट्टी

भरमाण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा मी शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत त्याचीच नक्कल करत होतो. गणिताचे एक मास्तर नव्याने लागले होते, त्यांना मी भरमाण्णाने तळं नासवल्याची गोष्ट सांगत होतो. ही गोष्ट मी पंधरा वर्षं सांगत आलोय आणि ती मला छान जमते असं सगळे म्हणतात. खांदे पाडून, खाली मान घालून मी ‘व्हय, मीच बुडवली’ हे त्याचं वाक्य म्हटलं आणि खोली खदखदली. एरवी तो स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे ऐकायचा. त्या दिवशी तापाने रजेवर होता, एवढाच फरक. हसणं संपायच्या आत दारात त्याचे थोरले भाऊ दिसले. त्यांच्या गावाहून, सांबऱ्याहून चालत आले होते, गुडघ्यापर्यंत धूळ. “मास्तर, आमचा भरमू गेला की हो...” एवढंच म्हणाले. माझी मान अजून नक्कल केल्यासारखी खालीच होती.

आज सात आठवडे झाले. भरमाण्णा आमच्या शाळेत ड्रिल शिकवायचा आणि मी भूगोल. म्हणजे रस्ते त्याला माहीत आणि नकाशे मला. दोघांनी एकाच वर्षी जुन्या सायकली घेतल्या आणि दोन-तीन दिवसांची सुट्टी मिळाली की आम्ही टिळकवाडीतून निघायचो. कधी निपाणीकडे, तिथल्या वखारींपाशी तंबाखूच्या खकाण्याने शिंकून शिंकून बेजार होत; पण त्याचं मन रमायचं ते खानापूर-जांबोटीच्या बाजूला. तिकडचे डोंगर, ऐन-किंजळीची रानं, गावागावांतली दगडी पायऱ्यांची तळी हे त्याला आपल्या शेताइतकं ठाऊक होतं. सायकल तो अनवाणी चालवायचा. मी मात्र खिळ्यांचे बूट, पायमोजे, गळ्यात पाण्याची बाटली असा सगळा सरंजाम घेऊन निघायचो. “मास्तर, लढाईवर चाललास काय रं?” असं तो दर खेपेला विचारायचा. उतार आला की माझ्या सायकलच्या मागे झाडाची एक डहाळी दोरीने बांधून द्यायचा. डहाळी रस्त्यावर घासत यायची आणि माझा वेग आवरायचा. स्वतःला मात्र कधी बांधली नाही. मी भित्रा आहे हे त्याने असं डहाळी बांधून मान्य करून टाकलं होतं, तोंडाने कधी बोलला नाही.

आता तळ्याची गोष्ट. ती आजवर मी सांगितली तशी नाही, घडली तशी.

वार्षिक परीक्षा संपल्या होत्या, वैशाखाचे दिवस होते. जांबोटीच्या पुढे रानातल्या एका गावापाशी माझं मागचं चाक बसलं. गावाचं नाव मी लिहीत नाही, त्या लोकांना माझ्यामुळे एकदा त्रास झाला तेवढा पुरे. गावाबाहेर देऊळ, देवळाच्या खाली तळं. पाणी पिण्याचं. त्यात कुणी पाय घालत नाही, घागरसुद्धा वर घासून मगच बुडवतात. उन्हाळ्याने ते आटून तळाशी गुडघाभर उरलं होतं आणि पाऊस येईपर्यंत साऱ्या गावाला तेवढंच पुरवायचं होतं. ट्यूबला भोक कुठे आहे ते बघायला पाणी लागतं. भरमाण्णा म्हणाला, “तू टायर काढून ठेव. मी घरातनं घमेलंभर पाणी मागून आणतो. तळ्याला हात लावू नगंस, पिण्याचं हाय.” आणि तो गावात गेला.

मी टायर काढला. ऊन मी म्हणत होतं. वाट बघायला लागून जेमतेम पाव तास झाला असेल... आणि मला वाटलं, एवढ्याशा ट्यूबने काय होतंय? बुटांसकट पायऱ्या उतरलो आणि ती शेणामातीने, खडूच्या पुडीने बरबटलेली ट्यूब त्या पाण्यात धरून दाबत राहिलो. बुडबुडे दिसले, भोक सापडलं. वर बघतो तर पाण्यावर करडा तवंग पसरत चाललेला. तेवढ्यात वाटेवर बायकांचा आवाज आला. मी ट्यूब पायरीवर टाकली आणि पलीकडच्या झाडीत जाऊन उभा राहिलो. तिथून मला सगळं दिसत होतं. भरमाण्णा डोक्यावर घमेलं घेऊन आला, पाणी पाहिलं, घमेलं खाली ठेवलं, ट्यूब उचलली. तोवर बायका पोचल्या. घागरी आपटल्या, ओरडा झाला, गडीमाणसं धावत आली. “कुणी बुडवली?” त्याने एकदा झाडीकडे पाहिलं. मी हललो नाही. मग तो म्हणाला, “व्हय, मीच बुडवली.”

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं काय म्हणावं, मला माहीत नाही. थोड्या वेळाने मी झाडीतून बाहेर आलो, फिरून आल्यासारखा, आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणालो, “अरे भरमाण्णा, असं कसं केलंस?”

गावाने ठरवलं की होतं नव्हतं ते पाणी उपसून टाकायचं, गाळ काढायचा आणि तळातल्या झऱ्याचं पाणी पुन्हा साठू द्यायचं. तोवर बायकांनी मैलभरावरच्या ओढ्यातून पाणी आणायचं. उपसायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. मी भरमाण्णाच्या कानाशी लागलो की पेपर तपासायचे पडलेत. तो म्हणाला, “जा तू. माझी सायकल घेऊन जा, तुझी दुरुस्त करून मी आणतो.” आणि मी गेलो. त्याच्याच सायकलवरून, उताराला डहाळी न बांधता. तो चार दिवसांनी आला, हाताला फोड घेऊन. माझ्या सायकलला त्याने तेलपाणीही केलं होतं.

तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कुणी तरी फोडांबद्दल विचारलं. तो गप्प बसला, म्हणून मी बोललो. लोक हसले. मला बरं वाटलं, कारण हसण्यात ती गोष्ट त्याची होऊन गेली. मग दर वर्षी तिला नवीन डहाळ्या फुटल्या. बायकांचे आवाज काढू लागलो, त्याची चाल करून दाखवू लागलो. कुणी त्याला विचारलं, “काय हो, खरं का हे?” तर तो म्हणायचा, “मास्तर सांगतोय न्हवं!” मला वाटायचं, त्यालाही मजा येते. नाही, हेही खरं नाही. मला तसं वाटत नव्हतं, मी तसं ठरवलं होतं.

दर चैत्रात तो मला एकदा सहज विचारायचा, “वैशाखात येतोस काय रं? हाय एक काम तिकडं.” मी कधी पेपर सांगितले, कधी मुलीचं लग्न, कधी ऊन. लढाईच्या काळात टायर मिळेनात, तर पठ्ठ्या टायरमध्ये काथ्याची दोरी कोंबून एकटा गेला. पंधरा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की काम कसलं. तुम्ही म्हणाल, भूगोलाच्या मास्तरला ‘तिकडं’ म्हणजे कुठे हे कळलं नाही? कळलं होतं, म्हणूनच विचारलं नाही.

त्याच्या बाराव्याला सांबऱ्यात एक बैलगाडी आली. आत एक म्हातारी, पारूआक्का नाव, आणि तिच्या मांडीवर फडक्याने तोंड बांधलेली पाण्याची कळशी. त्या रानातून दोन दिवस गाडीत बसून आली होती. पाणी तिने भरमाण्णाच्या अंगणातल्या तुळशीला घातलं आणि ओसरीवर टेकली. माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“तुमीच न्हवं ते मास्तर? बूटवालं?”

मी मान हलवली.

“त्या दिशी घमेलं मीच दिलं हुतं त्येला. घमेलं मागणारा मानूस तळ्यात ट्यूब बुडवंल व्हय? सांजच्याला घमेलं न्यायला गेले, तर पायऱ्यांवर बुटाच्या खिळ्यांची खूण आनि ह्यो अनवाणी. मी म्हटलं, बाबा, तू कशापायी उपसतोस? तर म्हणाला, आक्का, पाणी तर घाण झालंय न्हवं? कुणीतरी उपसाय पायजे.”

“मग... तुम्ही गावात सांगितलं नाही?”

“सांगितलं की. समद्यास्नी ठावं हाय. तुमास्नी बोलवून आणाय माणसं निघाली हुती, तर ह्यानंच आडवलं. म्हणाला, त्येला लाज वाटंल, त्यो आपल्या पायानं येऊ दे.” मग म्हणाली, “तवापासनं दर वैशाखात गाळ काढाय येतोय. गाळ भराय दोन बुट्ट्या आणल्यात त्यानं. एक त्येची, एक तुमची.”

ओसरीवर माणसं बसली होती. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि तेच अवघड गेलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी सगळ्यांना जमवून खरं सांगितलं. बुडवली मी, लपलो मी, आणि वर त्यालाच बोललो मी. ऐकून गणिताचे मास्तर म्हणाले, “वा! हा शेवट तर आणखी झकास बसवलात!” आणि खोली पुन्हा खदखदली. मी ‘अहो, खरंच’ म्हणालो तसे आणखी हसले. पंधरा वर्षं मीच लावलेली सवय होती ती. म्हणून हे इथे लिहून देतोय. त्या खोलीतला प्रत्येकजण रविवारची पुरवणी वाचतो. ही नक्कल नाही, हे त्यांनी कृपा करून ध्यानात घ्यावं.

मागच्या आठवड्यात, वैशाख सरता सरता, मी एकटाच सायकलवरून तिकडे गेलो. उमर झाली, चढाला उतरून ढकलत न्यावी लागली. उताराशी आलो तेव्हा डहाळी तोडून बांधायला गेलो, पण मला ती गाठ येत नाही. कधी शिकलोच नव्हतो. तसाच दोन्ही पाय रस्त्याला घासत खाली आलो.

तळ्यावर माणसं जमली होती. काहीजण गाळात उतरलेही होते. मी पायऱ्यांच्या वर उभा राहून म्हणालो, “त्या वर्षी ट्यूब मी बुडवली होती.” एक-दोघांनी मान वर केली. एक म्हणाला, “व्हय, ठावं हाय,” आणि पुन्हा खाली वाकला.

देवळाच्या भिंतीला दोन वेताच्या बुट्ट्या खुंटीला टांगलेल्या होत्या. एकीचा तळ झिजलेला, काठ दोन ठिकाणी काथ्याने शिवलेला. दुसरी कोरी, तिला मातीचा डाग नाही. वाळवी लागली की भरमाण्णा ती टाकून तशीच नवी कोरी आणून टांगायचा, असं पारूआक्काने सांगितलं. या पंधरा वर्षांतली ही चौथी. मी हात वर केला आणि झिजलेली काढायला गेलो. मला वाटलं, निदान त्याची तरी वाहावी.

“ती नगं,” पारूआक्का मागून म्हणाली. “ती त्येची हाय. तुमची ही.”

मी बूट काढून देवळापाशी ठेवले आणि कोरी बुट्टी घेऊन पायऱ्या उतरलो.