भवानी पेठेतली आगबोट

दिगूकाका कुणाच्याही घरी गेला की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी विचारायचा, "मागचं दार कुठं उघडतं?" एकदा मुलगी बघायला गेला आणि तिथंही हाच प्रश्न. मुलीकडच्यांना वाटलं, हा पळून जायच्या बेतात आहे. ते स्थळ तिथंच मोडलं.

हा माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. एकोणीसशे तीसच्या आसपास त्याच्या डोक्यात वाफेवरच्या आगबोटीची नोकरी शिरली. बोटीवर आग लागली किंवा ती बुडू लागली, तर उतारूंना धीर देऊन होड्यांत बसवायचं आणि जिवंत बाहेर काढायचं, असं ते काम. त्याचं शिक्षण मुंबईत मिळे, आणि वर परीक्षा. मी तेव्हा बारा वर्षांची, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशा तोऱ्यात असलेली. मैत्रिणींना मी सांगून टाकलं होतं की आगबोट म्हणजे पेटलेली बोट, आणि आमचा काका ती विझवून आणणार आहे.

आमच्या सोलापुरात समुद्र कुठला? तेव्हा काकानं मागच्या अंगणालाच बोट ठरवलं. छातीला दोन वाळके भोपळे बांधून तो विहिरीत उड्या मारायचा. शेजारचा विणकर मल्लय्या माग सोडून बघायला यायचा. "काय ओ दिगूपंत, समुद्र कुटं हाय हितं?"

"तू बस तर खरा, मल्लय्या. बोट भरली की समुद्र मागवू."

एकदा भोपळे मलाही बांधले. मी परकर खोचला, मोठ्यांदा आरोळी ठोकली, आणि विहिरीच्या पहिल्या पायरीला मिठी मारून बसले. घरी मात्र सांगितलं, पोहून आले. आईनं माझी कोरडी ठणठणीत वेणी हातात धरून बघितली आणि कणीक मळायला घेतली.

"घाबरायला माझी ना नाही," काका आम्हाला शिकवायचा, "पण रांगेत घाबरा. आणि धूर वर चढतो, म्हणून आपण खाली सरपटायचं." मागं राहिलेली माणसं शोधायची त्याची रीतही वेगळीच. डोकी मोजायची नाहीत. प्रत्येकाला विचारायचं, तुझं माणूस कोण राहिलं? आणि उत्तरात नाव हवं. इथंच गाडं अडलं. आई नवऱ्याचं नाव कसं घेणार?

"हे राहिलेत, असं सांगेन की," आई म्हणाली.

"'हे' चालायचं नाही, वहिनी. बोटीवर प्रत्येक बाईचे 'हे' वेगळे."

"मग उखाण्यात घेते."

"आणि आगीला काय सांगू? थांब बाई, यमक जुळतंय?"

"तर मग तुमच्या बोटीत आम्ही चढतच नाही, भाऊजी!"

माझे वडील, अण्णा, शाळामास्तर. त्यांना हे खूळ मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी काकासाठी गिरणीत कारकुनीची जागा बघून ठेवली होती. काका हटेना, तेव्हा त्यांनी पैज लावली. "रविवारी घरात धूर कर. शेगडीवरचं दूध उतू जायच्या आत सगळी माणसं बाहेर काढलीस, तर जा मुंबईला. नाही तर सोमवारी मुकाट्यानं गिरणीत."

काकाला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. मला मात्र दूध सांभाळायचं काम दिलेलं, त्यामुळे सगळी परीक्षा माझ्याच हातात असल्यासारखी मी मिरवत होते.

रविवारी अंगणात शेगडी ठेवली. घरात घमेल्यात ओल्या गोवऱ्या पेटवल्या. मल्लय्याची बायकामुलंही उतारू म्हणून आत जाऊन बसली. काकानं परात बडवली, आणि अहाहा, काय ती धावपळ! कुणी पाळणा उचलला, कुणी लोणच्याची बरणी. सगळी खोकत, हसत बाहेर आली आणि रांगेत उभी राहिली. अण्णा "मी ओट्यावरून बघतो" म्हणाले होते, म्हणून काका त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

पण अण्णा ओट्यावर नव्हते. काकाला नापास करायला ते गुपचूप माळ्यावर चढले होते, आणि शिडी चढताना आईनं त्यांना पाहिलं होतं.

"वहिनी, तुमचं कोण राहिलं?"

"हे..."

"नाव, वहिनी, नाव!"

आईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि सुरू केलं, "शेगडीवरच्या दुधाला नाही उसंत..."

माळ्यावरून खोकल्याची मोठी उबळ ऐकू आली. मग दुसरी. मग काहीच नाही.

"विष्णुपंत!" आई ओरडली. "विष्णुपंत माळ्यावर आहेत! विष्णुपंत!"

रांगेतल्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. काका पालथा पडून सरपटत आत घुसला आणि अण्णांना धोतराला धरून ओढतच बाहेर आला. अण्णा भुतासारखे काळे, डोळ्यांतून धारा. खोकला ओसरताच ते थेट शेगडीपाशी गेले आणि त्यांनी दुधात बोट घातलं.

"कोमट!"

कोळसे केव्हाच विझले होते. वारा घालायचा असतो हे मी विसरून गेले होते. पंखा हातात धरून मी तोंड उघडं टाकून बघत होते.

"ही परीक्षा धरायची नाही," अण्णा गरजले.

"मग चढा परत माळ्यावर," आई पदराआडून म्हणाली.

मल्लय्या तर हसून हसून जमिनीवरच बसला. अण्णांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा काकाकडे, आणि तोंड धुवायला निघून गेले. जाता जाता म्हणाले, "गिरणीत सांगतो मी, माणूस येणार नाही म्हणून."

काका मुंबईला गेला, शिकला, पास झाला. बोटीवर चढण्याआधी दोन दिवस घरी आला, तेव्हा आम्ही त्याला घेरूनच बसलो. परीक्षेत गोऱ्या साहेबानं विचारलं होतं, आग लागल्यावर पहिलं काय करशील? कुणी म्हणालं पाणी, कुणी म्हणालं वाळू. काका म्हणाला, "साहेब, आधी बायकांना विचारीन, कोण राहिलंय."

"आणि मुंबईतल्या बायका घेतात का हो नाव?" आईनं विचारलं.

"घडाघडा घेतात, वहिनी. पण नवरा कुठं आहे ते एकीलाही माहीत नसतं."

आई इतकी हसली की तिला उठून आत जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी काकाला स्टेशनावर नेणारा टांगा सात रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंतच गेला. पुढे रस्ता खणलेला. हमाल शोधायला मी धावणार तोच अण्णांनी आपली टोपी माझ्या हातात दिली आणि ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी काकानं धरली. दोघे भाऊ पावलाला पाऊल जुळवत स्टेशनाकडे चालत गेले.