जवाईबापू आणि आडवा ठेवलेला क्लच

गोंदिया रोडवर आमचं ट्रकचं गॅरेज आहे. बाबा मेस्त्री, मी त्यांच्या हाताखाली. बारावीनंतर मी दुसरीकडे कुठे गेलोच नाही. त्यामुळे ताईच्या नवऱ्याची नागपूरची नोकरी सुटली आणि बाबांनी त्याला "घरचंच गॅरेज हाय, या जी" म्हटलं, तेव्हा माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

भाऊजी माणूस वाईट नाहीत, हीच पंचाईत. वाईट असते तर उघड भांडता आलं असतं. शिवाय जावई म्हणजे आमच्याकडे पाया पडायचा माणूस. ते गॅरेजात पहिल्यांदा कामाला आले त्या सकाळी बाबा ग्रीसचे हात फडक्याला पुसून त्यांच्या पाया पडले आणि मग त्यांच्या हातात पाना दिला. त्यांना "घ्या जी", मला "अबे गधे".

हेही मी गिळलं असतं. प्रश्न फॅन क्लचचा होता.

ट्रकच्या रेडिएटरमागचा मोठा पंखा सारखा जोरात फिरत नाही. त्याच्या मधोमध डब्यासारखा क्लच असतो, आत घट्ट तेल. इंजिन तापलं की क्लच पंख्याला धरतो, थंड झालं की सोडतो. तो बिघडला तर भरलेली गाडी उकळते. आमच्याकडे तो हातानेच तपासतात. इंजिन थंड पाहिजे आणि गाडीची चाबी बाबांच्या खिशात. त्याशिवाय पंख्यात कोणी हात घालायचा नाही, हा त्यांचा नियम. मग पातं फिरवायचं. जरा अडून फिरलं तर ठीक, मोकळं भिरभिरलं तर तेल गेलं. पातं मागेपुढे हलवून बेअरिंग ढिलं झालंय का बघायचं, पुढच्या स्प्रिंगवरचा चिखल पुसायचा. बाबांनी "चालते" म्हटलेली गाडी ड्रायव्हर बिनघोर नेतात. पण शुगरमुळे बाबांची बोटं बधिर होत चालली होती. हे काम कोणाला तरी द्यावं लागणार होतं. मला ते हवं होतं. दुसरं काही नको होतं.

त्यांनी ते भाऊजींना दिलं.

"त्याईचा हात हलका हाय," म्हणाले. आणि माझा काय जड आहे? घरी मी आईपाशी चिडचिड केली. ती म्हणाली, "जवाई हाय तो. तू काहून जळून राह्यला?" जळतच होतो. भाऊजी पातं फिरवायचे आणि बाबा शेजारी उभे राहून हौ जी, हौ जी करायचे, ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

उन्हाळ्यात धानाच्या एका ट्रकला नवा क्लच बसवायचा होता. मी तिरोडीला बंद पडलेल्या एका गाडीकडे गेलो होतो. भाऊजींनी क्लच खोक्यातून काढून बाकावर आडवा ठेवला आणि तो रात्रभर तसाच राहिला. हा डबा उभाच ठेवायचा असतो. आडवा पडला की आतलं तेल झिरपतं. मला हे बाबांनी पाठीत धपाटा घालून शिकवलं होतं. भाऊजींना कोणी सांगितलंच नव्हतं. सकाळी त्यांनी तो बसवला, पातं फिरवलं. जरा मोकळंच फिरलं. "नवा हाय म्हणून असन," ते म्हणाले. बाबा म्हणाले, "हौ जी."

गाडी राजेगावच्या अलीकडेच उकळली. दुसऱ्या दिवशी ती ओढून आणली तेव्हा मी परतलो होतो. "उस्ताद, गाड़ी तो भट्टी हो गई!" ड्रायव्हर तणतणत उतरला. बाबांनी बाकावरचा तेलाचा डाग पाहिला आणि वळले ते थेट माझ्याकडे. "क्लच आडवा कोनं ठेवला बे? अक्कल गहाण ठेवली का?"

मी गावातच नव्हतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बाबाजी, म्या ठेवला," भाऊजी म्हणाले.

बाबांचा आवाज एकदम मऊ झाला. "असू द्या जी. होते असं. चहा घ्या."

भाऊजी जागचे हलले नाहीत. "मलेबी बोला ना, बाबाजी. याले शिकवता तसं मले काहून नाही शिकवत?"

"तुमाले कसं बोलू जी? तुमी जवाई." बाबांनी चक्क हात जोडले.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी लगेच ओळखली. ते आल्यापासून मी त्यांच्याकडे तशाच नजरेने बघत होतो. त्यांना माझ्या शिव्यांचा हेवा वाटत होता! मला हसावं की रडावं कळेना.

"पाहतं काय बे? घाल हात," बाबा खेकसले आणि चाबी खिशात टाकली. तेव्हापासून ते काम माझं.

भाऊजी पावसाळ्यात लांजीच्या एका गॅरेजात लागले. तिथला मेस्त्री त्यांना दिवसभर झोडपून काढतो, असं ताई कौतुकाने सांगते. म्हणे काम मस्त शिकले.

परवा एका ट्रकचा क्लच मी पातं हलवून नापास केला. खोलून पाहिला तर बेअरिंग खरंच गेलेलं. बाबांनी ते हातात फिरवून पाहिलं, बाजूला ठेवलं आणि खिशातून फोन काढला. मला वाटलं, कोणाला तरी सांगतायत, पोरगा तयार झाला.

"जवाईबापू," ते म्हणाले, "जेवले का जी?"

दुपारचे तीन वाजले होते, आणि मी अजून उपाशी होतो.